मुलांच्या हातातील गोष्टीचे पुस्तक : एका पालकाचे मत

(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





पालक मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला, की हजेरी, गृहपाठ आणि दहावीचा निकाल हे तीन विषय ठरलेले असतात. आज मात्र मी शिक्षक म्हणून नव्हे, तर आपल्यासारखाच एक पालक म्हणून बोलणार आहे. माझी मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत आहे. त्यांच्या हाती देण्यापूर्वी गेल्या काही वर्षांत मुलांसाठी व किशोरांसाठी निघालेली मराठी कथा-कादंबऱ्यांची पुस्तके मी स्वतः वाचू लागलो. त्या वाचनातून माझी जी मते झाली, ती आपणापुढे ठेवतो. आपणास ती पटलीच पाहिजेत असे नाही. परंतु त्यांवर घरी बोलणे व्हावे, एवढी अपेक्षा आहे.

प्रथम आक्षेपांचा विचार करू. पालक सभेत दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. पहिले असे : "सर, पोट्टं गोष्टीचं पुस्तक घेऊन बसते, अभ्यासच नाही करत." दुसरे थोड्या वडीलधाऱ्या मंडळींचे : "किस्से-कहानियाँ तो सब झूठ हैं, मास्टरसाब."

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. पहिल्या वहीचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच', हे आपण प्रत्येक समारंभात सांगतो. परंतु त्याच पवित्र ग्रंथात हजरत यूसुफ यांच्या कथेला सर्वांत सुंदर कथा म्हटले आहे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. त्या कथेत भावांचा मत्सर आहे, विहीर आहे, तुरुंग आहे, बापाचे डोळे जाईपर्यंत रडणे आहे. उपदेश थेट सांगता आला असता. तो कथेतून सांगितला गेला. पुढे शेख सादींनी 'गुलिस्ताँ'मध्ये तोच मार्ग धरला. आणि आपल्या भारतातील पंचतंत्र पहलवीतून अरबीत गेले, तेथे आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' झाले आणि अरबीतून पुढे युरोपच्या भाषांत पोचले. म्हणजे जगाला गोष्टी पोचविण्याच्या कामी ज्यांनी एवढा हातभार लावला, त्यांच्याच घरी आज गोष्टीच्या पुस्तकाला दाराबाहेर उभे राहावे लागावे, हे योग्य नव्हे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर शिक्षक या नात्याने एका वाक्यात देतो. ज्या मुलाला सलग वीस पाने वाचण्याची सवय आहे, त्याला इतिहासाचे पाच पानांचे प्रकरण डोंगराएवढे वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपण पालक पुस्तक हाती घेतले, की पहिला प्रश्न विचारतो, "यातून बोध काय मिळतो?" माझ्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावयास हवा. त्याऐवजी विचारावे, "यातला मुलगा किंवा मुलगी खरी वाटते का?" पुस्तकातले मूल खरे असेल तर बोध आपोआप मिळतो. ते खोटे असेल, तर शेवटी ठळक अक्षरांत छापलेला बोधही मुलांच्या मनाला शिवत नाही. मुले फार हुशार असतात. केवळ आपल्याला शिकविण्यासाठी उभे केलेले पात्र त्यांना दुसऱ्या पानावर ओळखू येते.

या बाबतीत मी डॉ. झाकीर हुसेन यांचा दाखला देईन. जामिया मिल्लिया उभी करणारे, १९६७ साली राष्ट्रपती झालेले हे थोर शिक्षणतज्ज्ञ. त्यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही उर्दू गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. चांदणी नावाची बकरी धन्याच्या घरची सुरक्षित दावण सोडून डोंगरावर जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे प्राण सोडते. बोधाच्या तराजूत तोलले तर ही गोष्ट नापासच ठरेल. कारण बकरीने ऐकले नाही आणि ती मेली. परंतु जिंकले कोण, हा प्रश्न झाकीरसाहेबांनी मुलांपुढे उघडा ठेवला आणि बकरीच जिंकली असे एका म्हाताऱ्या पक्ष्याकडून वदविले. मुलांवर एवढा विश्वास टाकणारा लेखक मला अलीकडच्या पुस्तकांतही हवा असतो.

असे लेखक मराठीत आहेत का? निश्चित आहेत. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, त्यामुळे पालकांना शोध घेणे पुष्कळ सोपे झाले आहे. पुरस्कार मिळाला म्हणजे पुस्तक आपल्या मुलाला आवडेलच असे नव्हे; पण सुरुवात करावयास ती यादी उपयोगी आहे.

माझ्या मुलाच्या वयाला, म्हणजे पाचवी-सहावीला, साहस आणि रहस्य लागते. आपल्या लहानपणी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' होता, आणि तो अजूनही धावतो आहे. अलीकडच्यांत भारत सासणे यांचे 'समशेर आणि भूतबंगला' हे आहे. त्याला २०२४ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मोठ्यांसाठी गंभीर लेखन करणारा, उदगीरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला लेखक मुलांसाठी रहस्यकथा लिहावयास बसतो, ही गोष्टच मला मोलाची वाटते. भूत-बंगला हे शब्द ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, जादूच्या गोष्टींबद्दलही तीच तक्रार असते. मला त्यात धोका दिसत नाही. अलिफ लैलाचे जिन ऐकत वाढलेल्या आपल्या नानी-दादींच्या ईमानला काही धक्का लागला नाही. उलट गुप्तहेरकथा वाचणारे मूल पुरावा मागावयास शिकते; आणि मोबाईलवर येणारी प्रत्येक अफवा खरी मानणाऱ्या आजच्या काळात पुरावा मागणारे मूल घरात असणे ही नेमतच आहे.

त्यानंतर ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या कादंबरीचा उल्लेख करतो. हिला २०१७ चा पुरस्कार मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातील एका मुलाच्या नजरेतून ही कथा येते. आपल्या जिल्ह्यात ही कथा समजावून सांगावी लागत नाही. इसापूर, अरुणावती, बेंबळा ही नावे भूगोलाच्या पेपरात 'सिंचन प्रकल्प' म्हणून येतात. पण ज्यांची घरे, झाडे आणि कब्रस्तान पाण्याखाली गेली, अशी कुटुंबे पुसद, दिग्रस, बाभूळगाव भागांत आपल्या शेजारी राहतात. त्यांच्या नातवंडांना आजोबांचे गाव फक्त उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसते. भूगोलाचे पुस्तक धरणाचा फायदा सांगते, आणि तो खराच आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हे गोष्टीच्या पुस्तकाने सांगावयाचे असते. दोन्ही वाचलेल्या मुलाची समज पूर्ण होते.

तिसरे पुस्तक विशेष आपुलकीने सांगतो : सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' ही कादंबरी. २०१९ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार हिला मिळाला. मुल्ला हे कोल्हापूरकडचे, वनखात्यात नोकरी केलेले. त्यांचे जंगल पुस्तकातून उचललेले नाही, पायांनी तुडविलेले आहे. आपल्या मुलांनाही जंगल दूर नाही. टिपेश्वरचे अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागातील वाघिणीची बातमी देशभर गाजली, तेव्हा तेथील मुले दिवस मावळण्याच्या आत घरात घेतली जात होती. अशा मुलांच्या मनात जंगल म्हणजे भय एवढेच राहू नये, म्हणून हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे. शिवाय आणखी एक कारण आहे. मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव वाचून आपल्या मुलाला कळते, की मराठीतील चांगले पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव सलीमही असू शकते. आणि या सलीमने धर्मावर भाषण केलेले नाही. त्याला जे उत्तम ठाऊक होते, ते त्याने सर्व मुलांना दिले. हा मान मागून मिळत नाही, कामाने मिळतो.

आता किशोरवयाकडे येतो. आठवी ते दहावी हे वय असे, की परीकथा बालिश वाटते आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या डोक्यावरून जातात. नेमक्या याच वयात आपली मुले, विशेषतः मुली, वाचन सोडतात. या वयासाठी मी दोन पुस्तके सुचवितो.

पहिले, प्रकाश नारायण संतांचे 'वनवास'. १९९४ साली आलेले हे पुस्तक आणि त्यापुढचे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. आपल्या शाळांतही असे लंपन पुष्कळ आहेत. आईवडील कामासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा सुरतेकडे गेलेले आणि मूल नानीकडे ठेवलेले. वर्गात ते गप्प बसते आणि आपण त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. 'वनवास' वाचल्यानंतर कोणत्याही शिक्षकाला असे म्हणवणार नाही.

या पुस्तकाची दुसरी मोठी देणगी म्हणजे त्याची भाषा. लंपनची मराठी सीमाभागातील, कानडी वळणाची आहे. तिला कोणी अशुद्ध म्हणत नाही. तिनेच मराठी साहित्यात स्वतःची जागा मिळविली. आपल्या मुलांच्या घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात पुण्याची मराठी. तिन्हींच्या मध्ये सापडलेले मूल तोंड उघडावयास भिते, आणि शेवटी तिन्ही भाषांत मुके होते. त्याला सांगितले पाहिजे, की बाळ, तू घरी ज्या भाषेत भांडतोस आणि हसतोस, तिच्यातूनही साहित्य होऊ शकते. परीक्षेची प्रमाण मराठी जरूर शीक, परंतु स्वतःच्या बोलीची लाज धरू नकोस.

दुसरे, मिलिंद बोकील यांची 'शाळा'. ही २००४ साली आली, तिच्यावर चित्रपटही निघाला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशी नावाच्या मुलाला वर्गातील शिरोडकर आवडते, एवढीच कथा. हे पुस्तक सुचविताच काही पालकांचा चेहरा बदलेल, याची मला कल्पना आहे. "सर, हे काय वाचावयास देता?" मी या प्रश्नाचा अनादर करीत नाही. मुलांची तोंडची भाषा त्यात जशीच्या तशी आहे, चावटपणाही आहे. म्हणून सातवीच्या मुलाला मी ते देणार नाही. परंतु नववीच्या मुलाच्या मनात जे चाललेले असते, ते पुस्तक न दिल्याने थांबत नाही. त्याच्या खिशातल्या मोबाईलवर त्याला जे दिसते, त्यात संकोच नाही, आदर नाही, हुरहूर नाही. 'शाळा'मध्ये हे सारे आहे. मोठी माणसे अशा प्रसंगी किती कठोर आणि किती वेंधळी वागतात, हेही आहे. ते बापाने वाचावे, हेडमास्तरांनीही वाचावे. तथापि माझा एक आक्षेप नोंदवितो. साऱ्या पुस्तकात शिरोडकर आपल्याला फक्त जोशीच्या डोळ्यांनी दिसते. तिला काय वाटत होते, तिच्या घरी तिला काय ऐकावे लागले असेल? माझी मुलगी आणखी वर्षा-दोन वर्षांनी हे पुस्तक वाचील, तेव्हा हा प्रश्न ती मला विचारील अशी मला आशा आहे. तिचे उत्तर देणारी कादंबरी एखाद्या मुलीनेच लिहावयास हवी.

बंधुभगिनींनो, येथे मला एक जरा टोचणारी गोष्ट बोलावयाची आहे. मी वाचलेल्या मराठी बालपुस्तकांत मुसलमान मूल शोधले, तेव्हा ते फार थोड्या ठिकाणी भेटले. भेटले तेही बहुधा ईदच्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी घेऊन आलेले. वाटी दिली, एकात्मतेचा धडा झाला, की ते पुस्तकातून निघून जाते. त्याचे गणित कच्चे नसते, त्याची कोणाशी कट्टी होत नाही, त्याला वडिलांची भीती वाटत नाही. ते पाहुणे असते. लेखकांचा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मघाशी सांगितलेल्या कसोटीवर हे मूल खरे उतरत नाही. मुन्शी प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हमीद १९३३ सालचा. नव्वद वर्षे उलटली, तरी आपल्या मुलांना आठवतो तो तोच. का? कारण तो गरीब आहे, पण बढाईखोरही आहे. चिमट्याची तारीफ करून तो मित्रांची खेळणी वादात हरवितो. तो खरा मुलगा आहे.

परंतु दोष केवळ लिहिणाऱ्यांना देऊन भागेल का? आपल्या घरातील मूल बाहेरच्या लेखकाला कोठून ठाऊक असणार? ते आपणच लिहावयास हवे. मराठी आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. आपल्या यवतमाळने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिले, १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. मांडव पडला, मांडव उठला. पण तालुक्याच्या गावातील आपल्या मुलीच्या हातात त्यामुळे किती पुस्तके आली, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयाचा आहे. कापसाच्या भावाने आणि पावसाने होरपळलेल्या या जिल्ह्यातील घरात वाढणारे मूल, मग ते रफीक असो की रामदास, त्याची किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती याच सभागृहात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून यावी, अशी माझी इच्छा आहे.

उर्दू माध्यमाच्या पालकांनाही दोन शब्द. मुंबईहून निघालेले 'गुल बूटे' आणि दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेने २०१३ साली सुरू केलेले 'बच्चों की दुनिया' ही मुलांची मासिके आपल्याला ठाऊक असावीत. मराठीत बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. माझे म्हणणे असे, की उर्दूच्या मुलाने 'किशोर' वाचावे आणि मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाने निदान एक उर्दू मासिक वाचावे. एका भाषेने आजी कळते, दुसरीने शेजारी कळतो. दोन्ही हवेत.

आता संस्थेपुढे दोन-तीन सूचना मांडतो.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्याचा फेरविचार व्हावा असे २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटले आहे. शिवाय तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. नववी-दहावी त्याच्या बाहेरच. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. कायद्याची सक्ती जेथे नाही, तेथे आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. तेव्हा पहिली सूचना अशी, की नववी-दहावीच्या वर्गात कुलूप नसलेले एक कपाट असावे. पुस्तक फाटले तर दंड करू नये. फाटलेले पुस्तक हे वाचल्याचे प्रमाणपत्र आहे.

दुसरी, बक्षीस समारंभात आपण प्लास्टिकच्या ढाली देतो. त्या फळीवर धूळ खातात. त्याऐवजी एक कादंबरी द्यावी. 'अग्निपंख' आपण देतो, ते चांगलेच आहे. पण त्याच पुस्तकात कलामसाहेबांनी सांगितले आहे, की रामेश्वरमला माणिकम नावाच्या गृहस्थांच्या घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि तेथून पुस्तके आणून ते वाचत. आपण मुलांना 'कलाम व्हा' असे सांगतो, त्याबरोबर मोहल्ल्यात एखादा माणिकमही व्हावयास हवा. ते आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. त्याला पदवी लागत नाही, एक फळी लागते.

तिसरी, पुढील वर्षाच्या स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या निबंधांसोबत त्यांनी लिहिलेल्या गोष्टीही छापाव्यात. 'माझी आई' आणि 'पाण्याचे महत्त्व' यांची पाने आहेतच. दोन पाने खऱ्या मुलांना द्या.

शेवटी पालकांना, विशेषतः वडिलांना, एक विनंती. मुलीच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापूर्वी ते स्वतः वाचा. न आवडले तर का आवडले नाही, ते तिला सांगा; तिचे म्हणणेही ऐका. जो बाप मुलीशी एका पुस्तकाबद्दल बोलू शकतो, त्याच्याशी ती पुढे आपल्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल आणि अडचणींबद्दलही बोलेल. पुस्तक हे निमित्त आहे. आपल्याला उघडे ठेवावयाचे आहे ते हे दार.